लॅपटॉपवर डीएनएस कॅश बसवताना वायफायची आपोआप मिळणारी सेटिंग मोडू नका

क्रोममध्ये एखादी साइट उघडताना खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात 'रिझॉल्व्हिंग होस्ट' अशी पुसट ओळ क्षणभर येऊन जाते. नेट बरं चालत असेल तर ती नजरेतही भरत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा गर्दीच्या वायफायवर मात्र ती तिथेच मुक्काम ठोकते. आपल्याला वाटतं पान जड आहे. खरं तर पान मागायला अजून सुरुवातच झालेली नसते. ब्राउझरला साइटचं नाव माहीत आहे, तिचा आयपी पत्ता मात्र कुणीतरी सांगायचा आहे, आणि हे सांगणारा डीएनएस सर्व्हर अजून गप्प आहे.

एकदा मिळालेला पत्ता लॅपटॉपनेच काही वेळ लक्षात ठेवला तर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागत नाही. यालाच डीएनएस कॅश म्हणतात. तो बसवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. मात्र नेटवर सापडणाऱ्या बऱ्याच कृतींमध्ये कॅश बसवता बसवता डीएनएस सर्व्हर कायमचा ठरवून टाकतात, आणि मग घरी सुरळीत चालणारा लॅपटॉप ऑफिसात, हॉटेलात किंवा स्टेशनवर हटून बसतो. म्हणून इथे दिलेल्या मांडणीचा नियम असा: लक्षात ठेवायचं काम लॅपटॉपचं, पण विचारायचं कुणाला हे ज्या नेटवर्कवर आपण आहोत तेच ठरवणार. परगावी गेल्यावर पत्ता तिथल्याच माणसाला विचारावा, तसं.

कुणासाठी, आणि आज्ञा कशा वाचायच्या

मुख्य कृती डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि त्यावरचा नोम डेस्कटॉप धरून लिहिली आहे, कारण तिथे कॅश आपोआप चालू नसतो. उबुंटू, लिनक्स मिंट आणि फेडोरावर तो आधीच असतो; त्यांच्यासाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे, तो वाचला तरी पुरे. विंडोज आणि मॅकमध्येही कॅश मुळातूनच आहे. विंडोजवर 'डीएनएस क्लायंट' नावाची सेवा ते काम करते, मॅकवर 'एमडीएनएसरिस्पॉन्डर'. तिथे नव्याने काही बसवायची गरज नाही.

आज्ञा खाली देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, फोनवर एकानं सांगावं आणि दुसऱ्यानं टाइप करावं तशा. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे आणि स्पेलिंग फसवं असेल तिथे तसं लिहिलं आहे. दोन गोष्टी आत्ताच ध्यानात घ्या. 'रिझॉल्व्ह' हा शब्द फाइलच्या नावात येतो तेव्हा त्याच्या शेवटी ई नसतो. व्हीवर तो संपतो. आणि 'डीएनएसमास्क'च्या शेवटी के नाही, क्यू आहे: डी-एन-एस-एम-ए-एस-क्यू. नव्या माणसाची निम्मी अडचण या दोन स्पेलिंगांपाशीच असते.

पडद्यामागे काय चालतं

वायफायला जोडल्याबरोबर लॅपटॉप 'मला पत्ता कोण देईल' अशी हाक नेटवर्कभर देतो. राउटर उत्तर देतो. ही देवाणघेवाण ज्या नियमांनी होते ते म्हणजे डीएचसीपी. राउटर नुसता आयपी पत्ता देत नाही. बाहेर जायची वाट कुठली, पत्ता किती वेळासाठी दिला आहे, आणि नावं विचारायची असतील तर कोणत्या सर्व्हरला विचारायची, हेही त्याच उत्तरात असतं. डीएनएस सर्व्हरांची ही यादी डीएचसीपीच्या सहाव्या क्रमांकाच्या पर्यायात येते. घरच्या वायफायवर त्या यादीत बहुतेक वेळा राउटरचाच पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१.

डेबियनच्या डेस्कटॉपवर ही यादी नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्रॅम घेतो आणि /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमध्ये लिहितो. पुढे कोणत्याही प्रोग्रॅमला नाव शोधायचं असलं की लिनक्सची मूळ लायब्ररी जीलिबसी ती फाइल वाचते आणि पहिल्या सर्व्हरला विचारते. पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर दुसऱ्याला. यादीतले पहिले तीनच सर्व्हर ती बघते, चौथा लिहिला तर वायाच.

आणि जीलिबसी काहीही लक्षात ठेवत नाही. ब्राउझर, मेल, अपडेट तपासणारा प्रोग्रॅम, फाइली सिंक करणारा प्रोग्रॅम, सगळ्यांनी एकच नाव विचारलं तरी तितके वेगवेगळे प्रश्न राउटरकडे जातात. फायरफॉक्स आणि क्रोम स्वतःपुरतं एखाद मिनिट लक्षात ठेवतात, पण एकाला कळलेलं दुसऱ्याला कळत नाही.

आपण मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवणार आहोत: डीएनएसमास्क. सायमन केली यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम इतका हलका आहे की अनेक घरगुती राउटरांच्या पोटात तोच चालतो. तो लॅपटॉपच्या १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे लॅपटॉपनं स्वतःशीच बोलायच्या पत्त्यावर, ५३ नंबरच्या पोर्टवर बसेल. सगळे प्रोग्रॅम त्याला विचारतील. त्याला ठाऊक असेल तर तो तिथल्या तिथे सांगेल, नसेल तर डीएचसीपीनं दिलेल्या सर्व्हरला विचारून सांगेल.

आधी नुसतं बघा

काही बदलण्याआधी सध्या काय आहे ते टिपून ठेवा. टर्मिनल उघडा आणि ही आज्ञा द्या:

कॅट /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

वर 'जनरेटेड बाय नेटवर्कमॅनेजर' अशी टीप आणि खाली 'नेमसर्व्हर' या शब्दापुढे एखादा पत्ता दिसला तर सगळं आपल्या अपेक्षेप्रमाणे आहे. तिथे १२७.०.०.५३ दिसला तर तुमच्याकडे सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा कॅश ठेवणारा दुसरा प्रोग्रॅम आधीच चालू आहे. सरळ उबुंटूच्या भागाकडे जा.

आता नेटवर्कनं नेमकं काय दिलं ते बघा:

एनएमसीएलआय डिव्हाइस शो

बरीच लांब यादी येईल. तिच्यात 'आयपी४.डीएनएस' असं लिहिलेली ओळ शोधा. ही आज्ञा लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण कॅश बसवल्यावर रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये फक्त १२७.०.०.१ दिसेल आणि खरे सर्व्हर कुठे गेले असा प्रश्न पडेल. ते इथे दिसत राहतात.

आणखी एक तपासणी खिडक्यांमधून करायची. सेटिंगमध्ये वायफाय उघडा, जोडलेल्या नेटवर्कपुढच्या चक्रावर क्लिक करा, आयपीव्ही४ या टॅबवर जा. तिथे डीएनएसपुढे 'ऑटोमॅटिक'चं बटण चालू हवं. पूर्वी कधी कुणाच्या सांगण्यावरून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा बाहेरचा डीएनएस सर्व्हर भरून ठेवला असेल तर तो काढा आणि बटण चालू करा. आयपीव्ही६च्या टॅबवरही तेच.

शेवटी वेळ मोजण्यासाठी 'डिग' हे साधन बसवा. त्याचं पॅकेज आहे बाइंड९-डीएनएसयुटिल्स. यातलं युटिल्स यू-टी-आय-एल-एस असं लिहायचं:

सुडो एपीटी इन्स्टॉल बाइंड९-डीएनएसयुटिल्स

मग मराठी विकिपीडियाचं नाव विचारून बघा:

डिग एमआर.विकिपीडिया.ऑर्ग

उत्तराच्या तळाशी 'क्वेरी टाइम' आणि 'सर्व्हर' अशा दोन ओळी असतात. किती मिलिसेकंद लागले आणि कुणी उत्तर दिलं ते कागदावर लिहून ठेवा. पुन्हा एकदा तीच आज्ञा द्या. घरच्या राउटरमध्येही कॅश असतो, त्यामुळे दुसऱ्यांदा आकडा खाली येईल, पण शून्यावर क्वचितच येईल.

बसवणं

पॅकेज घेताना थोडं जपून. डेबियनमध्ये 'डीएनएसमास्क' आणि 'डीएनएसमास्क-बेस' अशी दोन पॅकेजं आहेत. पहिलं घेतलं तर ते स्वतंत्र सेवा म्हणून लगेच सुरू होतं, ५३ नंबरचं पोर्ट अडवून बसतं आणि नेटवर्कमॅनेजरच्या डीएनएसमास्कला जागा उरत नाही. आपल्याला फक्त बेस हवं. नेटवर्कमॅनेजरसोबत ते बहुधा आधीच आलेलं असतं, तरी खात्री करून घ्या:

सुडो एपीटी इन्स्टॉल डीएनएसमास्क-बेस

'आधीच नव्यात नवी आवृत्ती आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला तर उत्तम.

आता नेटवर्कमॅनेजरला सांगायचं की नावांचं काम डीएनएसमास्ककडून करून घे. त्यासाठी मूळ सेटिंगची फाइल उघडू नका. शेजारच्या फोल्डरमध्ये आपली छोटी वेगळी फाइल करा, म्हणजे पुढे अपडेट आलं तरी तिला धक्का लागत नाही आणि नको झालं की तेवढीच पुसता येते:

सुडो नॅनो /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/डीएनएस.कॉन्फ

या वाटेतल्या नेटवर्कमॅनेजरचे एन आणि एम मोठे, बाकी सगळं छोटं. फाइलमध्ये दोनच ओळी:

[मेन]
डीएनएस=डीएनएसमास्क

चौकटी कंस धरूनच लिहायचं, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची गरज नाही. कंट्रोल आणि ओ दाबून एंटर, मग कंट्रोल आणि एक्स. फाइल जतन झाली.

नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करा:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर

इथेही एन आणि एम मोठे. वायफाय क्षणभर तुटून परत जोडलं जाईल. व्हिडिओ कॉल चालू असताना हे करू नका, एवढंच.

बसवणं झालं. डीएनएसमास्कला वेगळं सुरू करायचं नाही, लॅपटॉप चालू होताना आपोआप सुरू व्हावा म्हणून काही करायचं नाही. त्याला उठवणं, बसवणं, नवे सर्व्हर कळवणं हे सगळं नेटवर्कमॅनेजर बघतो.

चालतंय का ते डोळ्यांनी बघा

पुन्हा रिझॉल्व्ह.कॉन्फ बघा. आता तिथे 'नेमसर्व्हर १२७.०.०.१' हवं. मग डिगची मघाची आज्ञा लागोपाठ दोनदा द्या.

पहिल्या उत्तरात सर्व्हरच्या ओळीत १२७.०.०.१ दिसेल आणि वेळ मघाइतकाच असेल, कारण कॅश अजून रिकामा आहे. दुसऱ्या उत्तरात क्वेरी टाइम शून्य मिलिसेकंद. एवढ्यावर न थांबता उत्तराच्या मधल्या भागाकडे बघा. नावाच्या लगेच पुढे एक आकडा असतो. पहिल्या आणि दुसऱ्या वेळचा आकडा ताडून बघितला तर मध्ये जितके सेकंद गेले तितक्यांनी तो कमी झालेला दिसेल. हा त्या उत्तराचा उरलेला जीव, ज्याला टीटीएल म्हणतात. तो किती असावा हे साइटचा मालक ठरवतो: कुणी मिनिटभर ठेवतो, कुणी दिवसभर. आकडा शून्यावर आला की कॅश ते उत्तर टाकून देतो आणि पुढच्या वेळी नव्यानं विचारतो.

इथेच एक मोह होतो. टीटीएल कमी आहे म्हणून वारंवार विचारावं लागतं, तर तो आपणच का वाढवू नये? डीएनएसमास्कमध्ये तशी सोय आहे, तिचं नाव मिन-कॅश-टीटीएल. लेखकानंच तिला एका तासाची कमाल मर्यादा घातली आहे, आणि सांभाळून वापरा असं बजावलंही आहे. मोठ्या साइट टीटीएल कमी ठेवतात कारण एक सर्व्हर पडला की पाहुण्यांना लगेच दुसऱ्याकडे वळवायचं असतं. तुम्ही जुना पत्ता धरून बसलात तर सगळ्यांची साइट चालेल आणि फक्त तुमची बंद. ती सोय वापरू नका.

कॅशनं किती मदत केली याचा हिशेबही मिळतो. दिवसभर काम झाल्यावर ही आज्ञा द्या:

सुडो पीकिल -यूएसआर१ डीएनएसमास्क

यूएसआर ही तीन अक्षरं मोठी, त्याला चिकटून १. नावात 'किल' आहे म्हणून घाबरू नका. ही फक्त खूण आहे, तिनं काही बंद पडत नाही. खूण मिळाली की डीएनएसमास्क आपला हिशेब नोंदवहीत लिहितो. तो लगेच वाचायचा:

सुडो जर्नलसीटीएल -एन २०

शेवटच्या वीस ओळी येतील. त्यांत किती प्रश्न पुढे पाठवले आणि किती जागीच उत्तरले, असे दोन आकडे असतात. जागीच उत्तरलेला आकडा वाढलेला बघून जे समाधान मिळतं, ते खरं सांगायचं तर वाचलेल्या मिलिसेकंदांपेक्षा मोठं असतं.

कॅशचा आकार

डीएनएसमास्क एकटा चालवला तर मुळात १५० नावं लक्षात ठेवतो. नेटवर्कमॅनेजर त्याला सुरू करताना हा आकडा ४०० करतो. एका माणसाच्या लॅपटॉपला तेवढं सहसा पुरतं. पन्नास टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर १००० करा:

सुडो नॅनो /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/डीएनएसमास्क.डी/कॅश.कॉन्फ

आत एकच ओळ:

कॅश-साइझ=१०००

साइझमधलं अक्षर झेड. पुन्हा नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट. त्याहून मोठा आकडा टाकून काही हाती लागत नाही, कारण बहुतेक नावांचा टीटीएल संपून ती आधीच बाद झालेली असतात.

नेटवर्क बदललं की काय होतं

या मांडणीचा खरा कस घराबाहेर लागतो. घरचं वायफाय सोडून तुम्ही ऑफिसात गेलात. तिथला डीएचसीपी वेगळा डीएनएस सर्व्हर देतो. नेटवर्कमॅनेजर तो लगेच डीएनएसमास्कला कळवतो, आणि नवे सर्व्हर मिळाले की डीएनएसमास्क जुना कॅश रिकामा करतो, कारण नेटवर्कमॅनेजरनं त्याला सुरू करतानाच तसं बजावलेलं असतं. त्यामुळे ऑफिसातल्या प्रिंटरचं किंवा आतल्या पोर्टलचं नाव, जे फक्त तिथल्याच सर्व्हरला ठाऊक असतं, तेही सापडतं. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये या सगळ्या काळात १२७.०.०.१च असतं.

आता ८.८.८.८ कायमचं लिहून ठेवलेला लॅपटॉप घ्या. ऑफिसातल्या प्रिंटरचं नाव बाहेरच्या सर्व्हरला माहीत असायचं काही कारणच नाही. प्रिंटर समोर दिसतोय आणि लॅपटॉप म्हणतोय, असं नाव अस्तित्वात नाही.

त्याहून जास्त पंचाईत मोफत वायफायवर. रेल्वे स्थानकांवरचं रेलटेलचं वायफाय घ्या. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून त्याची सुरुवात झाली. जोडलं की आधी एक पान येतं, त्यात मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकायचा, मग नेट. हॉटेलांत आणि विमानतळांवरही असंच असतं. असं पान दाखवण्यासाठी त्या नेटवर्कला तुमचे डीएनएसचे प्रश्न आपल्याकडे यायला हवे असतात. अनेक ठिकाणी लॉगिन होईपर्यंत बाहेरच्या डीएनएस सर्व्हरचा रस्ताच बंद ठेवतात. तुम्ही बाहेरचाच सर्व्हर धरून बसलात तर ते पान उघडतच नाही, आणि वायफायची खूण पूर्ण दिसत असूनही नेट नाही. आपल्या मांडणीत प्रश्न तिथल्याच सर्व्हरकडे जातात, म्हणून पान येतं. तरी आलं नाही तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल.कॉम उघडा. ती साइट मुद्दाम साध्या, कुलूप नसलेल्या जोडणीवर ठेवली आहे, त्यामुळे लॉगिनच्या पानाला मध्ये शिरता येतं.

लॉगिन झाल्यावरही एखादी साइट पुन्हा लॉगिनच्याच पानावर नेत असेल, तर आधीचं खोटं उत्तर कॅशमध्ये राहिलेलं असू शकतं. कॅश रिकामा करायची आज्ञा:

सुडो पीकिल -एचयूपी डीएनएसमास्क

एच, यू, पी मोठी. एवढ्यानं भागतं. ब्राउझरनं स्वतःही काही लक्षात ठेवलेलं असतं, म्हणून तो एकदा बंद करून उघडा.

हीच आज्ञा आणखी एका वेळी उपयोगी पडते. नवं डोमेन घेतलं, ते चालू व्हायच्या आधीच उत्साहानं उघडून बघितलं आणि 'असं नाव नाही' असं उत्तर आलं, तर ते नकारार्थी उत्तरही कॅश लक्षात ठेवतो. शेजाऱ्याच्या फोनवर साइट दिसते आणि आपल्याच लॅपटॉपवर नाही, अशी गंमत होते.

अडलं तर

रीस्टार्टनंतर रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये जुनाच पत्ता दिसत असेल तर आधी स्पेलिंग बघा: फाइलचं नाव .कॉन्फनंच संपलंय का, चौकटी कंस आहेत का, शेवटी के टाइप झालाय का. ते बरोबर असेल तर ती फाइल कुणी कुलूपबंद केली आहे का ते पाहा. रिझॉल्व्ह.कॉन्फ बदलू नये म्हणून तिला अचल करून ठेवायचा सल्ला जागोजागी मिळतो, आणि तो पाळून वर्ष उलटलं की आपण विसरलेले असतो. कुलूप काढायची आज्ञा:

सुडो चॅटर -आय /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

चॅटर म्हणजे सी-एच-ए-टी-टी-आर.

नावं मुळीच सापडत नसतील, तर ५३ नंबरच्या पोर्टवर दुसरं कुणी बसलंय का बघा:

सुडो एसएस -एलयूएनपी

यादीत १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० पुढे ५३ आणि शेजारी प्रोग्रॅमचं नाव दिसेल. आधी कधी पूर्ण 'डीएनएसमास्क' पॅकेज बसवलं असेल तर तेच नडतंय. एपीटी रिमूव्हनं ते काढा, बेस राहू द्या, आणि नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा. आभासी यंत्रं चालवत असाल तर १९२.१६८.१२२.१ वर आणखी एक डीएनएसमास्क दिसेल. तो त्यांच्यासाठी असतो, त्याला हात लावू नका.

डेबियन बसवताना वायफाय इन्स्टॉलरमधूनच जोडलं असेल तर एक वेगळीच गोम असते. त्या जोडणीची नोंद /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलमध्ये गेलेली असू शकते, आणि जे तिथे लिहिलंय त्याकडे नेटवर्कमॅनेजर बघतही नाही. 'एनएमसीएलआय डिव्हाइस' ही आज्ञा दिल्यावर वायफायपुढे 'अनमॅनेज्ड' दिसलं तर हेच कारण. त्या फाइलमधल्या वायफायच्या ओळींच्या आधी # टाका, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि वायफाय सेटिंगमधून नव्यानं जोडा. 'एलओ'च्या दोन ओळी मात्र तशाच ठेवा.

सगळं बरोबर असूनही ब्राउझर कॅशला विचारत नाही असं दिसलं, तर ब्राउझरचं 'सुरक्षित डीएनएस' चालू आहे का बघा. ते चालू असेल तर ब्राउझर लॅपटॉपला वळसा घालून आपले प्रश्न थेट ठरलेल्या कंपनीकडे कूटबद्ध करून पाठवतो. त्यात वाईट काही नाही, उलट अनोळखी वायफायवर ते बरंच. फक्त त्या ब्राउझरपुरता आपला कॅश निरुपयोगी ठरतो. दोन्हींतलं काय हवं ते तुम्ही ठरवा.

आणि हे सगळंच नको झालं तर डीएनएस.कॉन्फ ही आपली फाइल पुसायची, नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करायचा. लॅपटॉप होता तसा.

उबुंटू, मिंट, फेडोरा

उबुंटूनं २०१२ मध्ये, १२.०४ या आवृत्तीत, नेटवर्कमॅनेजरच्या जोडीला डीएनएसमास्क दिला होता, पण सुरक्षेच्या कारणावरून त्याचा कॅश शून्यावर ठेवला होता. त्यामुळे त्या काळातल्या सूचनांमध्ये कॅश चालू करायच्या युक्त्या सापडतात. आज त्या करू नका. आता तिथे सिस्टमडी-रिझॉल्व्हड असतो, तो १२७.०.०.५३ वर बसतो, डीएचसीपीनं दिलेले सर्व्हर स्वतःच घेतो आणि कॅशही चालू असतो. फेडोरानं तो २०२० मध्ये ३३व्या आवृत्तीपासून घेतला. तुमचं काम फक्त बघायचं:

रिझॉल्व्हसीटीएल स्टॅटिस्टिक्स

यात कॅशमध्ये किती नोंदी आहेत, किती वेळा उत्तर जागीच मिळालं आणि किती वेळा बाहेर जावं लागलं ते दिसतं. इथे मात्र रिझॉल्व्हच्या शेवटी ई आहे, मग सीटीएल. सध्या कोणता सर्व्हर वापरात आहे ते 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' सांगतं, आणि कॅश रिकामा करायला 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस'.

डेबियन १२ वरही हाच प्रोग्रॅम सिस्टमडी-रिझॉल्व्हड नावाच्या वेगळ्या पॅकेजमधून बसवता येतो. तो निवडलात तरी काही बिघडत नाही. माझा कल डीएनएसमास्ककडे आहे, कारण तो बहुधा आधीच डिस्कवर असतो आणि दोन ओळींच्या फाइलनं चालू-बंद होतो. दोन्ही मात्र एकावर एक चढवू नका. जुनं उत्तर नेमकं कोणत्या थरात अडकलंय ते शोधताना डोकं फिरेल.

फरक किती पडेल

डाउनलोडचा वेग यानं तसूभरही वाढणार नाही. घरी राउटर हाताशी आहे, त्याच्याकडेही कॅश आहे, त्यामुळे एका नावामागे थोडेच मिलिसेकंद वाचतात. पण आजचं बातम्यांचं एखादं पान उघडताना एकट्या त्या साइटचं नाव विचारून भागत नाही. जाहिराती, फाँट, चित्रं, मोजणी करणाऱ्या कंपन्या अशी कितीतरी नावं लागतात. हॉटस्पॉटवर जिथे प्रत्येक प्रश्नाची ये-जा रेंगाळते, किंवा जिथे डीएनएसचं एखादं पाकीट हरवलं की जीलिबसी पाच सेकंद वाट बघत बसते, तिथे फरक हाताला लागतो. एसटीत बसून फोनच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी जाणवेल. फायबर असलेल्या घरी बसून कॅश बसवला तर डिगच्या शून्यापलीकडे फारसं काही दिसणार नाही.